भाऊसाहेबांची आणेवारी

"पहिलं पान नको. मधलं काढ," असं म्हणून भाऊसाहेब डोळे मिटायचे आणि वहीत बोट घालायचे. जे पान उघडेल ते सावकाश वाचायचे, पोराला त्यातलंच दोनदा काहीतरी विचारायचे आणि आकडा सांगायचे. "नऊ आणे." विषय संपला. पोराचे आईबाप मात्र त्या नऊ आण्यांवर आठवडाभर झोपायचे नाहीत.

भाऊसाहेब आमच्या राहू गावातले निवृत्त तलाठी. उभी हयात पिकांची आणेवारी काढण्यात गेली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, चार आणे म्हणजे गेलंच. नोकरी सुटल्यावर त्यांनी हीच रीत बारावीच्या मुलांना लावली. मोठ्या कॉलेजात, नावाजलेल्या विद्यापीठात नंबर लागेल का, हे गाव त्यांनाच विचारायचं. "कडेचं पीक ऊन खातं आन् फुगतं," ते म्हणायचे. "रस्त्यावरून समद्यांचंच रान चांगलं दिसतं. मधी शिरावं लागतं." तुमच्याही गावात असा एक असेल बघा, ज्याचं बोलणं रुचत नाही आणि त्याला विचारल्याशिवाय चैनही पडत नाही.

मी यवतच्या एका दवाखान्यात नर्स. म्हणून गावाला मी सिस्टर, आणि फटकळ म्हणूनही ठाऊक. माझ्या लेकीला, ऋतुजाला, परराज्यातल्या एका विज्ञानाच्या विद्यापीठात शिकायचं होतं. देशभरातून मुलं परीक्षा देतात आणि जागा मूठभर. तिनं त्या इमारतीचा फोटो भिंतीला चिकटवला होता. मीच मोठ्या तोऱ्यात भाऊसाहेबांना बोलावलं, वर कांदाभजी तळली.

त्यांचं बोट पडलं ते नेमकं रसायनाच्या वहीत. त्यांना स्वतःला रसायनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोर कुठं अडखळते, तेवढंच ते बघायचे. पाचवं भजं संपवून म्हणाले, "सहा आणे."

माझं डोकं फिरलं. "अहो, वर्गात पहिली येते ती."

"व्हय की. पर तिकडं समद्या वर्गातल्या पहिल्याच येत्यात, सिस्टर."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं भिंतीवरचा फोटो काढून टाकला. फॉर्मचा विषय काढला की "बघू." शेवटच्या तारखेला सकाळी म्हणाली, "न्हाई भरत, आई. सहा आण्यांसाठी कशाला तो खटाटोप?" त्या म्हाताऱ्याला मी मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. तडक त्यांच्या दारात गेले. "झालं समाधान? पोर फॉर्मच भरत न्हाई."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी चपला घातल्या, माझ्या पुढं चालत आमच्या घरी आले आणि ऋतुजासमोर बसले.

"आमच्या लेकीला, सुनंदाला, शेतकी विद्यापीठात जायचं हुतं," ते म्हणाले. "तिचंबी मी मधलं पान काढलं, नोकरीत हुतो तवाच. चार आणे सांगितले. तिनं ऐकलं आन् फॉर्म भरलाच न्हाई. मी नुसता बघत बसलो." मग म्हणाले, "मी आजचं पीक सांगतो, पोरी. कापणीला अजून चार महिने हायेत. ऊठ."

त्यांच्या स्कूटरवर ऋतुजा, मागं माझी स्कूटी, असं आम्ही यवत गाठलं. नेट कॅफेत ही गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा मुदत संपायला तासभर होता. फोटो अपलोड होईना, सही उलटी दिसायला लागली, मग साइटच गोल गोल फिरत बसली. भाऊसाहेब खुर्चीमागं उभे राहून दर मिनिटाला विचारायचे, "झालं का?" शेवटी ऋतुजाच त्यांना म्हणाली, "आबा, तुम्ही जरा रसवंतीवर बसून या." ते गेले नाहीत. फॉर्म गेल्याचा मेसेज आला. मी तिथल्याच स्टुलावर बसून घेतलं.

मग चार महिने दर रविवारी भाऊसाहेब पाहणीला यायचे. मधलं पान, ते रसायनाचंच. आठ आणे झाले, मग दहा. ऋतुजा आता चिडून अभ्यास करायची आणि मला ते बघून आनंद व्हायचा. यवतहून डेमू गाडीनं पुण्याला परीक्षेला निघाली त्या दिवशी ते म्हणाले, "अकरा." वर एक आणाही चढवला नाही त्या माणसानं.

निकाल लागला तेव्हा मी ड्युटीवर होते. फोनवर ऋतुजा नुसती "आई, आई" करत होती. नंबर लागला होता. समोरच्या पेशंटलाच मिठी मारायची तेवढी बाकी होती. त्या पेशंट मावशी सत्तरीच्या, त्यांनी माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी पेढे घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"शिरूरला चला," म्हणाले. "सुनंदाला तुमी सांगा, सहा आण्यांचंबी पीक येतं म्हणून. मला जमायचं न्हाई."

रविवारी गाडी करून तिघं गेलो. सुनंदाताईंची तिथं रोपवाटिका आहे. चाळिशीच्या बाई, हात कोपरापर्यंत मातीचे. ऋतुजानं सहा आण्यांपासून सगळं भडाभडा सांगितलं. भाऊसाहेब फाटकापाशीच मिरचीच्या रोपांकडे बघत उभे राहिले. ताईंनी हात पदराला पुसले, मोबाईलवरचं प्रवेशाचं पत्र दोनदा वाचलं आणि ऋतुजाला हळूच विचारलं, "फॉर्म भरायला वयाची अट असती का गं?"

ऋतुजानं तिथंच शोधायला घेतलं. मुक्त विद्यापीठाच्या शेतीच्या अभ्यासक्रमाला अट नव्हती. ताईंनी वडलांकडं पाहिलं. मला वाटलं, आता आकडा येतो.

भाऊसाहेब फाटक ढकलून आत आले. "मला इचारू नगो, बाळ," म्हणाले. "मी सांगितलं तरी ऐकू नगो. भर तू."

फॉर्मला लागणारी ताईंची बारावीची गुणपत्रिका त्यांच्या घरात कुठंतरी होती, पण सापडत नव्हती. ती शोधायला भाऊसाहेब मागं राहिले. परतीच्या गाडीत आम्ही दोघीच होतो.