सेवेरो आणि उंटाचा जबडा

"ओळखा, मी कुठला? तीन संधी." नवा माणूस भेटला की सेवेरो पहिला प्रश्न हा विचारायचा आणि खिशातून चिंचेची तिखट गोळी काढून बक्षीस म्हणून टेबलावर ठेवायचा. आखातात, दम्मामच्या आमच्या कंपनीत तो पाइपलाइनची ड्रॉइंग काढायचा. उंच, काळा, दाट कुरळ्या केसांचा माणूस. समोरचा म्हणायचा, सुदान. मग नायजेरिया. मग जरा अडखळून, अमेरिका. सेवेरो गोळी परत खिशात टाकून "मेक्सिको" म्हणायचा आणि समोरच्याला थट्टाच वाटायची. मी तर तिन्ही संधी एका दमात घालवल्या आणि वर चौथी मागितली.

मी तिथं डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. नाव भारदस्त, काम कारकुनाचं: कागद आला, नंबर टाका, फायलीत लावा. एखादा रकाना मोकळा दिसला की मला चैन पडायचं नाही. सेवेरोच्या तोंडात 'पाटणकर' काही बसेना, म्हणून त्यानं मला 'डॉन पाता' केलं. डॉन हा शब्द आदराचा, असं त्यानं सांगितलं. मी भलताच खूश होऊन घरी बायकोला, सुनंदाला, सांगितलंसुद्धा. 'पाता' म्हणजे त्यांच्याकडे बदकीण, हे मला तीन वर्षांनी कळलं. "चालीवरून ठेवलं असेल," सुनंदा म्हणाली.

माझी स्वतःची एक दुखरी नस होती. मला कोणी मद्रासी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. कॅन्टीनमधल्या फिलिपिनो वाढप्याला मी एकदा टिश्यू पेपरवर महाराष्ट्राचा नकाशा काढून दाखवला, सांगलीच्या जागी ठळक ठिपका देऊन. त्यानं अगत्यानं मान डोलावली आणि त्याच कागदानं टेबल पुसलं.

सेवेरो रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर चित्रं काढायचा. कागद वाया जातो म्हणून मी सुरुवातीला त्याला नोटीस देणार होतो, यावरून माझी रसिकता लक्षात यावी. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं त्याचं गाव, जाळी ओढणारे कोळी, घोड्यावरचे गुराखी, डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका, आणि सगळे त्याच्याच रंगाचे. एका चित्रात छातीवर पदकं लावलेला एक सेनापती होता. "हा आमचा सुरुवातीचा राष्ट्राध्यक्ष. गुलामगिरी यानं बंद केली. हा आमच्यातलाच," सेवेरो म्हणाला. "पण शाळेच्या पुस्तकात दर नव्या आवृत्तीत थोडा थोडा गोरा होतो. मी त्याला उन्हात बसवून परत आणलाय."

तीन-चारशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची ही पोरंबाळं. कोणी खाणीत राबले, कोणी उसात, कोणी पळून डोंगरात गेले. मी म्हणालो, "मग आम्ही हे कधी वाचलं कसं नाही?" तो म्हणाला, "जहाज पोचतं तिथं पुस्तक पोचत नाही, डॉन पाता. आमच्या जनगणनेच्या फॉर्मातसुद्धा आम्हाला रकाना नाही." रकानाच नाही? मी हातातलं पेन खाली ठेवलं. गुलामगिरीच्या गोष्टीनं मी हललो नव्हतो, तो या फॉर्मानं हललो.

कंपनीच्या गाडीचे ड्रायव्हर अब्बासभाई मुरुडचे. त्यांनी सेवेरोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थेट मराठीतच हाक मारली, "काय रं, मुरुडचा ना तू? कोनाचा?" जंजिऱ्याच्या सिद्द्यांपैकी कोणी आला असं त्यांना वाटलं होतं. सेवेरोला ते कळल्यावर तो आनंदानं उड्या मारायचाच बाकी राहिला. आपली माणसं तिथंही जहाजानं गेली आणि त्यांनी समुद्रात किल्ला राखला, हे त्यानं अब्बासभाईंकडून चारदा वदवून घेतलं. सांगलीहून मुरुडला दोनदा सहलीला गेलेल्या मला यातलं काय ठाऊक होतं? किल्ल्यावर भजी मिळत नाहीत, एवढंच.

त्या वर्षी आमच्या कंपाऊंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीत, आंतरराष्ट्रीय दिवस ठरला. प्रत्येक देशाचं एक टेबल, पाटी, झेंडा, खाणं, नाच. समितीचा सचिव मी, कारण यादी करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. एक्सेलमध्ये झकास तक्ता केला आणि सेवेरोचं नाव आफ्रिकेच्या टेबलापुढे टाकून मोकळा झालो. मेक्सिकोपुढे चार कुटुंबं होतीच. गोरी, टोपीवाली, अगदी मेक्सिकन दिसणारी.

सेवेरो माझ्या टेबलाशी आला. "चूक झालीय, डॉन पाता."

"हो हो, बदलतो ना," मी म्हणालो. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "फक्त फॉर्मॅलिटी म्हणून, जरा इकामा दाखवता?"

इकामा म्हणजे तिथलं राहण्याचं ओळखपत्र. त्यावर देश लिहिलेला असतो. सेवेरोनं ते काढलं नाही. तो ताठ उभा राहिला, तळहात आडवा छातीशी धरला आणि खणखणीत आवाजात गाऊ लागला. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. गाणं संपल्यावर मी, या मूर्खानं, टाळ्या वाजवल्या. "वा! आवाज फारच छान. कार्यक्रमात तुमचं एक गाणं ठेवू या."

"हे आमचं राष्ट्रगीत," तो म्हणाला. "माझ्या देशात पोलीस बस थांबवतात, मला एकट्याला उतरवतात आणि म्हणतात, मेक्सिकन असशील तर गाऊन दाखव. ते एका कडव्यावर सोडतात. तुमच्यासाठी मी दोन गायलो."

तो हसतच म्हणाला. मला मात्र त्या दिवशी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी सांगितलं तर सुनंदानं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "तुम्हाला कोणी मद्रासी म्हटलं तर तीन दिवस घर डोक्यावर घेता, आणि त्या माणसाकडे इकामा मागितलात? आणखी कोणाकडे मागितलात हो?" कोणाकडेच नाही. पोळी करपली आणि ती मीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी यादी दुरुस्त केली आणि माफी मागितली. सेवेरो म्हणाला, "माफी नको, जबडा हवा." त्यांच्या गावात सैतानांचा नाच असतो. पुठ्ठ्याचे शिंगवाले मुखवटे घालायचे, पाय आपटायचे आणि गाढवाचा वाळलेला जबडा वाजवायचा. आतले दात खुळखुळतात. "माझा बाप हे मुखवटे करायचा. शहरातून लोक यायचे, विचारायचे, हे तुम्ही आफ्रिकेतून आणलं का? बाप म्हणायचा, नाही हो, पुठ्ठा वाण्याकडचा आहे." मग तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "एकदा, एकदाच, मेक्सिकोच्या पाटीखाली हा नाच झालेला मला बघायचाय."

मग काय, प्रायश्चित्त म्हणून आम्ही मटणबाजारात. "अब्बासभाई, तुम्ही गाडीतच बसा, मी बोलतो," मी म्हणालो. सहा वर्षांचं अरबी होतं माझं! खाटकासमोर उभा राहून मी गाल दाबून दाखवले आणि खड्या आवाजात विचारलं, "फी हिमार?" म्हणजे, गाढव आहे का? खाटीक लाल झाला. मी त्याच्यावर गाढवाचं मांस विकल्याचा आळ घेतोय, की त्यालाच गाढव म्हणतोय, एवढंच त्याचं ठरायचं होतं. हातात सुरा होताच. अब्बासभाईंनी धावत येऊन त्याची दाढी कुरवाळली, दहा मिनिटं समजूत घातली आणि उंटाचा जबडा मिळवला. मी शाकाहारी. तो मांडीवर घेऊन घरी आलो.

उकळून साफ केलेला जबडा आमच्या गच्चीवर सुनंदाच्या सांडग्यांशेजारी आठवडाभर वाळला. तिनं मला बोल लावला नाही, फक्त सांडगे फेकून दिले. मुखवट्याची दाढी अब्बासभाईंनी काथ्याची करून दिली. यादीत 'सैतान' लिहायची माझी छाती झाली नाही. 'पारंपरिक लोकनृत्य' लिहिलं.

सेवेरो पुढच्याच वर्षी करार संपवून कायमचा गेला. पत्र नाही, फोन नाही; तो असाच जाईल हे आम्हाला ठाऊक होतं. सांगायचंय ते त्या आंतरराष्ट्रीय दिवसाचं.

मेक्सिकोच्या टेबलाशी चार कुटुंबं उभी होती. त्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्तीला आलेल्या इंजिनिअरसाहेबांच्या पत्नी मला गोड आवाजात म्हणाल्या, "या गृहस्थांचं टेबल बहुतेक पलीकडे आहे." बोट आफ्रिकेकडे. सेवेरो मुखवटा काखेत धरून उभा होता. आयुष्यात मी कोणाशी वाद घातलेला नाही. फाइल छातीशी धरून म्हणालो, "बाई, यादी मी केलीय. हे इथलेच." आवाज फाटला, पण वाक्य पूर्ण झालं.

अब्बासभाईंनी तेलाच्या डब्यावर ताल धरला. सेवेरोनं मुखवटा चढवला, वाकला आणि असे पाय आपटले की टेबलावरचे पेले हलले. जबड्यावर मूठ पडली की दात खर्रर्र वाजत. नाच संपला, त्यानं मुखवटा काढला, घामानं न्हाला होता. लोक टाळ्या वाजवत होते. मेक्सिकोच्या टेबलाशी मात्र एकही हात हलला नाही.

मग इंजिनिअरसाहेब पुढे आले आणि त्यांनी सेवेरोच्या हातातून जबडा काढून घेतला. आता साहेब तो फेकून देणार, म्हणून मी फाइल घेऊन धावलोच. पण त्यांनी तो उलटा धरला, मुठीच्या कडेनं हलकेच वाजवला, आणि ताल तोच निघाला, अगदी तोच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"माझी आजी त्या किनाऱ्यावरची," ते इंग्रजीत म्हणाले. "घरात हे कोणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं. मीही कधी सांगितलं नाही." त्यांच्या पत्नी हातातली बशी तशीच धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

सेवेरोनं आपला मुखवटा त्यांच्या डोक्यावर चढवला, काथ्याची दाढी नीट केली.

"मग इतकं हळू का वाजवता, इंजिनिअर?" तो म्हणाला. "आजीला ऐकू जायला हवं."