न ऐकलेला निरोप

आमच्या समोरच्या घरातले सुभेदारकाका कुणालाही कधी ‘काही होणार नाही’ असं म्हणायचे नाहीत. इंदूरमध्ये राहून हे म्हणजे कमालच! इथे घराला आग लागली तरी शेजारी म्हणेल, ‘टेंशन नी लेने का, भिया.’ माझ्या बारावीच्या पेपरला सगळा मोहल्ला ‘होशील गं पास’ म्हणत होता, काका फक्त म्हणाले, “पेनं दोन घे.” मला असा राग आला होता! आई म्हणाली, “एवढं बोलायला काय यांच्या जिवावर येतं?”

सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांती समितीची बैठक व्हायची. आमच्या मोहल्ल्यातून, कृष्णपुऱ्यातून, काका जायचे. एकदा मलाही घेऊन गेले. ठाणेदार म्हणाले, “कुछ नहीं होगा, निश्चिंत रहिए.” काका ताडकन उठले. “साहब, ये मत कहिए. जुलूस के रास्ते पर कितने जवान रहेंगे और कहाँ, वो बताइए.” ठाणेदारांना आवडलं नाही, पण त्यांनी सांगितलं. मग काका दोन्ही समाजांच्या घरोघरी जाऊन तेवढंच सांगून आले. वर एक शब्द नाही.

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. फौजेत असताना ते शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होते. लढणाऱ्या दोन गटांत समझोता झाला, रस्ते खुले झाले असं वरून कळलं. छावणीत आसऱ्याला आलेल्या एका बाईनं दुभाष्यामार्फत त्यांना विचारलं, गावी परत जाऊ का? दोन मुली होत्या तिच्याबरोबर. “मी म्हटलं, जा बाई, काही होणार नाही. तीन दिवसांनी आमची गाडी त्या गावात गेली, तर घरं जळालेली. ती नाही, मुली नाहीत.” काकू सांगायच्या, अजूनही ते झोपेत कुणाची तरी माफी मागतात.

मग मीच हट्टाला पेटले. त्या छावणीतल्या दुभाष्याला इंटरनेटवर शोधून काढलं, वर्षभर त्याचं डोकं खाल्लं. एका सकाळी त्याचा मेसेज आला: बाई जिवंत आहे, मुली नाही वाचल्या. सोबत तिच्या भाषेत, तिच्या आवाजात काकांसाठी निरोप. मी तशीच धावले. “काका, ती आहे!” त्यांनी लगेच मुलींचं विचारलं, मी म्हटलं, त्या नाही वाचल्या. फोन पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

“रहने दे, बेटा. मुली गेलेली आई काय म्हणणार, ते मला ठाऊक आहे.” आणि माझ्याकडून शपथ घेतली, की ते असेपर्यंत मी अर्थ विचारणार नाही.

मी शपथ पाळली. मूर्खासारखी पाळली. आठ महिने तो निरोप माझ्या फोनमध्ये होता आणि काका समोरच्या घरात, दिवसेंदिवस खंगत. मग एका दुपारी ते गेले.

तेरावं झाल्यावर मी दुभाष्याला अर्थ विचारला. त्यानं लगेच लिहून पाठवला:

“त्या साहेबांना सांगा, मी विचारलं तेव्हा आमचं सामान बांधून झालं होतं. ते नको म्हणाले असते तरी आम्ही निघालोच असतो. मुली घाबरून रडत होत्या, म्हणून त्यांच्यासमोर विचारलं. साहेबांचं ऐकून त्या गप्प झाल्या. गावापर्यंत गाणी म्हणत गेल्या.”