नागुबाईंनी दाखवलेलं गाव

हेवा करावा तर माझ्या सासूबाईंनी, नागुबाईंनी. गावात भांडखोर बायका होत्या, चिकट होत्या, पण इतका जिवापाड हेवा करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि तो साऱ्या जगाचा नव्हे, एकाच माणसाचा. त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, गुणाबाईचा.

दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, पाथरवाडीत आल्या आणि गुणामावशी ओढ्यापलीकडच्या चिंचबैलात. मधे ओढा आणि चार शेतं, बस्स. दोन बहिणी इतक्या जवळ द्यायला नको होत्या. एकीला तिकडे लांब, लोंढा स्टेशनाच्या पुढे दिली असती तर निदान रोज उठून तिचं घर तरी दिसलं नसतं. मावशीकडे रेडिओ आला तेव्हा आत्याबाईंना आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मावशीच्या म्हशीला रेडी झाली आणि आमच्या म्हशीला रेडा, तर त्या बिचाऱ्या म्हशीवरच रुसल्या. मावशीच्या भाकरीला पापुद्रा सुटतो आणि आपल्या घरच्या भाकरीला सुटत नाही, हा राग मात्र माझ्यावर निघायचा, कारण पीठ मी मळायची.

तोवर ठीक होतं. सुनेनं सोसायच्या गोष्टींत ही एक, असं मी धरून चालले होते. पण मग माझ्या पोरीची गोष्ट आली.

चांगुणा तेव्हा चार वर्षांची. दिवसभर अंगणात धुडगूस घालायची आणि दिवेलागण झाली की भिंतीला हात लावून चालायची. एका सांजेला ताटातली भाकरी चाचपता चाचपता तिनं चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या आमटीत हात घातला. ती किंचाळली आणि मला कळलं, पोरीला सांजेचं दिसत नाही. तशी पोरं आमच्या भागात पुष्कळ होती. भात, भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि आमटी असली तर पातळ. त्यातून डोळ्यांना काय मिळणार? परड्यात शेवगा होता, त्याचा पाला शेळी खायची. शेळीला अंधारात नीट दिसायचं, माझ्या लेकीला नाही.

"कुणाजवळ बोलू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीची जात हाय. हुईल कमी."

एक्क्याऐंशी साली पावसाळा सरताना बातमी आली. लहान मुलांच्या पोषण केंद्रासाठी सरकारचा पैसा मंजूर झाला होता. एक खोली बांधायची, नर्सबाई यायच्या, मुलांना आणि पोटुश्या बायांना रोज शिजवलेलं खाणं, लसी, डोळ्यांचं औषध, शिवाय परड्यात लावायला पालेभाज्यांचं बी आणि पपईची रोपं. पण पैसा एका केंद्राचा आणि गावं दोन. पाथरवाडी नाहीतर चिंचबैल. साहेब येऊन दोन्ही गावं बघणार आणि मग ठरवणार. दोन बहिणींत एक लुगडं टाकायचं आणि वर म्हणायचं, भांडू नका! पैसा मंजूर करणाऱ्याला हे कुणीतरी सुनावायला हवं होतं.

आमच्याकडे कुणी 'बघायला येणार' म्हटलं की माणसांना एकच गोष्ट कळते. मुलगी बघायला पाहुणे येतात ती. घर सारवायचं, चांगलं लुगडं काढायचं, पोहे करायचे आणि जे काही उणं असेल ते मागल्या दारी दडवायचं. पंच देवाप्पांनी चावडीपुढं साहेब येणार असं सांगितलं मात्र, आत्याबाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"केंद्र हितंच आलं पायजे. चिंचबैलाला गेलं तर मी कुणाला तोंड दावायची न्हाय."

मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई सांगत हुत्या, जितं आजारी पोरं जास्ती, तितं केंद्र देणार."

"व्यंग दावून कुणाची पोरगी खपलीया गं?" त्या माझ्यावर उसळल्या, आणि साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. देवाप्पांनीसुद्धा.

साहेब यायच्या दिवशी आमचं गाव नवरीसारखं नटलं. रस्त्यावर सडा पडला. धडधाकट पोरांना न्हाऊमाखू घालून, तेल चोपडून, काजळ घालून चावडीपुढं बसवलं. शेजारच्या बाईनं तर माहेरून भावाची दोन गुबगुबीत पोरं आणवली होती. आणि हडकुळी, खरूज झालेली, पोट सुटलेली पोरं म्हाताऱ्या सत्याप्पांच्या राखणीत मळ्यातल्या खोपीत धाडली. माझी चांगुणाही तिथंच गेली. जाताना तिला वाटलं, जत्रेला चाललोय.

मोठे साहेब कानडी होते. आत्याबाईंना बाजारापुरतं कानडी येत होतं, ते त्यांनी त्या दिवशी सगळं खर्च केलं. बरोबरच्या डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "सांजेचं न दिसणारं एखादं मूल आहे का गावात?" मी चहा घेऊन आले होते. "माझी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"यशोदे, साखर कमी पडलीया. आण जा," आत्याबाई म्हणाल्या आणि डॉक्टरांकडं वळल्या, "आमच्या गावात असलं कायबी न्हाय सायेब. पोरं लई गुणाची."

मी साखर घेऊन धावत आले तोवर जीप ओढा उतरून चिंचबैलाकडं निघाली होती. जाताना साहेब म्हणाले होते, फार चांगलं गाव आहे. आत्याबाई संध्याकाळभर सगळ्यांना तेच सांगत फिरल्या. "पसंत पडलं बरं का गाव!"

केंद्र चिंचबैलाला मिळालं. तिथं गुणामावशीनं आजारी पोरं एकेक करून स्वतः पुढं आणून बसवली होती. पहिला तिचा स्वतःचा नातू, मष्णू. त्यालाही सांजेचं दिसत नव्हतं.

"तिनं पोरं मुद्दाम उपाशी ठिवली!" आत्याबाई कडाडल्या. "मला हरवायला!"

"तिनं खरं काय ते सांगितलं," मी म्हटलं.

"खरं सांगायला अक्कल लागत न्हाय!"

चिंचबैलाला खोली उभी राहिली, चूल पेटली, आणि रांधायला कुणाला ठेवलं, तर गुणामावशीला. झालं. आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं तर आमच्या गावच्या पोरांना तिथं कुणी अडवत नव्हतं. बाया ओढा ओलांडून जाऊ लागल्या होत्या. फक्त आमच्या घरातून पाऊल बाहेर पडत नव्हतं. "गुणीच्या हातचं माझी नात खायाची न्हाय," हे एकदा ठरलं ते ठरलं. मी पोरीला घेऊन निघाले की त्या उंबऱ्यावर पाय पसरून बसायच्या. माझे मालक बेळगावला फौंड्रीत कामाला, रविवारी घरी यायचे, आणि आईपुढं त्यांचा आवाज फुटत नसे. केंद्रात शेवग्याचा पाला खायला सांगतात हे कळल्यावर मी तो शिजवून घातला, तर आत्याबाईंनी भांडं उचलून शेळीपुढं ठेवलं. "गुणीचं शिकून आलीस व्हय?" माझा असा संताप झाला की त्या दिवशी मी जेवले नाही. त्यांनी विचारलंही नाही.

फाल्गुनात गोवर आला. दोन्ही गावांत आला. चांगुणा तापानं फणफणली, अंगावरचं पुरळ गेलं आणि डोळे मात्र उघडेनात. उघडले तेव्हा डाव्या डोळ्यात दुधाळ ठिपका दिसला. मी आत्याबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, देवीला नारळ ठिवलाय, उतरंल.

तेव्हा मला उमगलं की या बाईला समजावून काही होणार नाही. हिला एकच भाषा कळते. मी डोळे पुसले, चुलीपुढं बसले आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "मावशीच्या मष्णूलाबी गोवर आलता म्हनं. डोळ्याला कायबी झालं न्हाय. सांजच्यालाबी दिसाय लागलंय. तोच कोंबड्या झाकतोय, एक म्हणून सुटत न्हाय."

आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"कुनाला दिसाय लागलंय?"

"मष्णूला. गुणामावशीच्या."

"गुणीच्या नातवाला दिसतंय," त्या सावकाश म्हणाल्या, "आन् माझ्या नातीला न्हाय?"

त्या उठल्या, चांगुणाला कडेवर घेतलं, तिच्या डोक्यावरून स्वतःचा पदर ओढला आणि निघाल्या. मी मागून धावत होते. ओढ्यात लुगडं भिजलं तरी त्या थांबल्या नाहीत.

केंद्रात पोरांची पंगत बसली होती. गुणामावशी पळी घेऊन वाढत होती. बहिणीला दारात बघून ती तशीच उभी राहिली. नर्सबाईंनी विचारलं, "काय होतंय मुलीला?"

सारी माणसं बघत होती. मी बोलणार होते, पण आत्याबाईंनी हातानं मला मागं सारलं.

"हिला सांजचं दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. "वरीस हून गेलं. आता डावा डोळाबी..."

"वर्ष? आणि आज आणलीत?"

गुणामावशी पुढं आली. "बाई, हीच ती चांगुणा. सायेब आलते तवाच मी सांगितलं हुतं न्हवं, पल्याड माझ्या बहिणीची नात हाय, तिलाबी यात धरा म्हणून? जत्रंला आली तवा उंबऱ्याला अडखळताना मी बघितलं हुतं."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "हो. हिच्या वाटणीचं औषध मी पहिल्यापासून ठेवलंय. मावशी दर वेळी आठवण करतात. मला वाटायचं, आज येतील, उद्या येतील."

त्यांनी कपाट उघडून औषध काढलं. आत्याबाई बहिणीकडे वळल्या. आता रडतील, पाया पडतील, असं मला वाटलं.

"गुणे," त्या म्हणाल्या, "माझ्या नातीचं दुखणंबी तूच म्होरं हून सांगितलंस." आणि चांगुणाला मांडीवर घेऊन खाली बसल्या.

उजवा डोळा वाचला. डाव्यात फूल पडलं ते कायमचं. आत्याबाई त्यानंतर रोज नातीला घेऊन ओढा ओलांडायच्या, शेवग्याचा पाला स्वतः खुडायच्या, आणि चांगुणाच्या वाटीत मष्णूच्या वाटीपेक्षा उसळ कमी पडली की पंगतीतच बहिणीशी भांडायच्या. मरेपर्यंत त्यांचा स्वभाव गेला नाही.

मष्णू आता मोठा झालाय. बेळगावहून येताना भेटला की लांबूनच ओळखतो, काकी म्हणून हाक मारतो, हातातली पिशवी घेतो. पोरगा फार चांगला आहे. पण तो बोलत असतो आणि मी त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहते, आणि त्याच्या आईचा मला जिवापाड हेवा वाटतो.