अंगाला बसेल असं जॅकेट

ओटिलियाने निम्मे कोबी किसून, मीठ लावून पिंपात दाबले होते आणि निम्मे अजून टेबलावर तसेच पडले होते, तेवढ्यात दार ढकलून तिची मुलगी बिबियाना आत आली. आली कसली, निथळतच आली.

"दार लाव आधी, ऊब पळते," ओटिलिया पाठमोरीच म्हणाली. मग वळली. "अगं बाई! वाटेत ओढ्यात पडलीस की काय?"

"खांद्यातून गळतंय गं. बाकी ठीक आहे."

"बाकी राहिलंय काय? टाचा?"

बिबा हसली आणि जॅकेट काढून चुलीमागच्या खुंटीला अडकवायला गेली. ओटिलियाने ते मधेच हिसकावून घेतलं, उजेडाकडे धरलं. दोन्ही खांद्यांवर, जिथे ओझ्याच्या चौकटीचे पट्टे येतात तिथे, कापड घासून घासून जुन्या चादरीसारखं विरळ झालं होतं. जॅकेट बापाचं होतं. व्हालेंटचं. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.

टात्रा डोंगराखालच्या आमच्या श्तोला गावातल्या चारदोन घरांत हमालीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. वर खिंडीखाली गिर्यारोहकांसाठी जे दगडी आसराघर आहे, तिथे रस्ता जात नाही. पीठ, साखर, बिअरची पिंपं, जळण, सगळं हमालाच्या पाठीवरून जातं. पाठीला लाकडाची उंच चौकट बांधायची, तिच्यावर डोक्याच्याही वर ओझं रचायचं आणि वाकून चालू लागायचं. या हमालांची एक म्हण आहे: ओझं आधी, पाठ मागाहून. लग्नात, बारशात, दारूच्या बैठकीत हसत हसत म्हणतात. ओटिलियानेही आयुष्यभर ती हसूनच ऐकली होती.

आणि मग तो सप्टेंबर आला. व्हालेंट पिठाची पोती घेऊन चढत होता. खिंडीखाली पावसाचं बर्फ झालं, वाऱ्याने ओझ्यावरची ताडपत्री फाडून नेली. व्हालेंटने अंगातलं जॅकेट काढलं, पोत्यांवर बांधलं, नुसत्या सदऱ्यावर पुढे निघाला. आसराघराच्या दिव्यापासून हाकेच्या अंतरावर एका खडकाला टेकून बसला तो बसलाच. सकाळी तो सापडला. आसराघराचा मालक शिमोन स्वतः खाली ओटिलियाकडे आला, टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, पीठ मात्र कोरडं होतं हो. एक चिमूटसुद्धा भिजलं नाही."

त्याने सांत्वन म्हणूनच सांगितलं. तेव्हापासून गावात व्हालेंटचं नाव निघालं की कुणीतरी हे वाक्य म्हणतंच, आणि बाकीचे आदराने माना हलवतात. ओटिलिया मात्र ते ऐकलं की उठून दुसऱ्या खोलीत जाई. पापकबुलीच्या वेळी फादरना तिने कितीदा तरी सांगितलं होतं, "माझा मेलेल्या माणसावरचा राग जात नाही, फादर. त्याने आमच्याऐवजी पीठ निवडलं." फादर म्हणत, प्रार्थना करा. ती करीत असे. राग काही जात नव्हता.

आता बिबा. चांगली स्वित शहरातल्या कारखान्यात कामाला होती, ते सोडून या उन्हाळ्यात बापाची चौकट पाठीला लावली. ओटिलियाने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "आई, मी उन्हातच जाईन," असं पोरगी म्हणाली होती. पण ऊन संपलं, ऑक्टोबर लागला, शिमोनकडे दुसरा हमाल नाही, आणि बिबा गारपिटीतही जाऊ लागली.

"उद्या जायचंय?" ओटिलियाने विचारलं.

"जायलाच हवं. वरती साखर संपलीय, पावही."

ओटिलियाने हातांचं मीठ धुतलं, एप्रन सोडला. "चल. पोप्रादची बस आहे आत्ता. अडवून अडत नाहीस, तर निदान जॅकेट मी घेऊन देते. पण निवडणार मी."

"तू?" बिबा म्हणाली. "तू तर छत्रीसुद्धा रंग बघून घेतेस."

"तुलाही देवाकडून मी रंग बघूनच घेतलं. चल."

पोप्रादच्या दुकानात तामारा नावाची एक मुलगी होती, नखं रंगवलेली, पण जिभेची गोड. तिने चार जॅकेटं टेबलावर पसरली. एकावर पेला उपडा केला. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळून खाली गेले.

"काकू, याचा आकडा वीस हजार आहे."

"वीस हजार काय? बादल्या?"

"म्हणजे इतक्या पाण्याचा दाब हे सोसतं. आतून शिवणींवर पट्टी मारलेली आहे, बघा. आणि काखेत चेन आहे, घाम आला की उघडायची."

ओटिलियाने जॅकेट उलटं केलं. आयुष्यभर तिने शिवण उलट्या बाजूने बघूनच माल पारखला होता. पट्टी बोटाने खरवडून पाहिली. टोपीची दोरी ओढून पाहिली. खांद्यावरचं कापड अंगठ्याने रगडलं आणि पहिली दोन बाजूला सारली. "ही फिरायला जाणाऱ्यांची. पट्ट्याखाली वर्षभर टिकायची नाहीत. जाड दाखव पोरी, वजनाला भारी असलं तरी चालेल."

तामाराने खांद्यावर दुहेरी कापड असलेलं एक आणलं. ओटिलियाने ते रगडलं, वास घेतला, पुन्हा रगडलं. "हे," ती म्हणाली.

"हेच," बिबाही म्हणाली. दोघींचं एकमत झालं म्हणून दोघींनाही नवल वाटलं. मग बिबा तामाराकडे वळली. "यात पुरुषांचं सगळ्यात मोठं माप आहे का?"

तामाराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई, त्यात तुमच्यासारख्या दोन मावतील."

"असू दे. मोठंच बरं असतं."

"कशाला बरं असतं?" ओटिलियाने विचारलं.

"असंच. आत जाड कपडे घालता येतात."

"बिबे, माझ्याकडे बघून सांग."

बिबा टोपीच्या दोरीशी चाळा करू लागली. "सगळेच मोठं घेतात, आई. चौकटीवरून ओढता येतं. ताडपत्रीचा काय भरवसा?"

ओटिलियाने जॅकेट टेबलावर ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. "मी हे माझ्या मुलीचं अंग झाकायला घेतेय. साखरेचं नाही."

"आई, लोक काय म्हणतील? व्हालेंटच्या मुलीने माल भिजवून आणला? बाबांचं पीठ..."

"कोरडं होतं. ठाऊक आहे मला. पीठ कोरडं होतं. आणि बाबा?"

तामारा पाठ फिरवून हँगर नीट करू लागली. ते आधीच नीट होते.

 मग ओटिलियानेच बायकांचं लहान माप मागून घेतलं आणि बिबाच्या अंगावर चढवलं, शाळेत जाताना चढवायची तसं, चेन हनुवटीपर्यंत ओढून. "हात वर कर. आता वाक. गुडघा उचल." कुठे ओढत नव्हतं, कुठे लोंबत नव्हतं. कातडीसारखं बसलं होतं. चौकटीवरून सोडाच, उशीवरूनसुद्धा ते ओढता आलं नसतं, आणि ओटिलियाला नेमकं तेच हवं होतं.

"शपथ घे," ती म्हणाली. "वाटेत काढणार नाहीस. काहीही भिजलं तरी."

"दुकानात शपथ?"

"देव दुकानातही असतो."

बिबाने गळ्यातला क्रूस ओठांना लावला. "नाही काढणार. झालं? आता हास की जरा. चेहरा असा केलायस, ही पोरगी जॅकेट नाही, शवपेटी विकतेय असं वाटतंय."

ओटिलिया खरंच थोडी हसली. किती दिवसांनी तिला छातीत हवा पुरेशी गेल्यासारखी वाटली. जुनं जॅकेट पिशवीत गेलं, नवं अंगावरच राहिलं. येताना बेकरीतून शिमोनसाठी पाव घेतले, किराणा दुकानातून साखरेच्या कागदी पिशव्या घेतल्या, आणि दोघी बसथांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. थांब्याला छप्पर नाही. ओटिलिया बोलत होती, रविवारी मिस्सेनंतर आत्याकडे जायचंय म्हणून सांगत होती, आणि टात्राकडून तो करडा पडदा सरकत आला. आधी पाऊस, मग पावसात बर्फाचे कण.

ओटिलियाने पर्समधून छत्री काढायला मान खाली घातली. मान वर केली तेव्हा बिबा सदऱ्यावर उभी होती. नवं जॅकेट साखरेच्या आणि पावांच्या पिशव्यांवर पसरलं होतं. लहान होतं, पुरत नव्हतं, म्हणून तिने बाह्या ताणून खाली कोंबल्या होत्या आणि वाऱ्याने उडू नये म्हणून काठावर पाय ठेवला होता. सदरा अंगाला चिकटला होता. केसांतून पाणी वाहत होतं. ती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती.

"बस उशीर करतेय वाटतं," ती म्हणाली.

"बिबे."

"काय गं?"

"बिबे, जॅकेट."

बिबाने खाली पाहिलं. मग स्वतःच्या दंडांकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा रंग उतरला. "मी... आई, देवाशप्पथ, मला कळलंसुद्धा नाही."

खोटं बोलत नव्हती. ओटिलियाने तिला जन्म दिला होता, खोटं तिला ओळखू येत होतं. पोरीला कळलंच नव्हतं. हात आपले आपण गेले होते, पाऊस आला की खिडकी लावायला जातात तसे. आणि मग ओटिलियाला खिंडीखालचा तो सप्टेंबर दिसला, जसा आजवर कधी दिसला नव्हता. व्हालेंटने काहीच निवडलं नव्हतं. पीठ की बायको, असा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. त्याचेही हात गेले होते, एवढंच. इतकी वर्षं ती ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती, तो माणूस तिथे नव्हताच. राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. निवडणाऱ्याला अडवता येतं, रडता येतं त्याच्यापुढे, शपथ घालता येते. हातांना कोण शपथ घालणार?

बिबाने घाईघाईने जॅकेट उचललं, झटकलं, ओल्या सदऱ्यावर चढवलं. "घातलं बघ. घातलं. यापुढे लक्षात ठेवीन."

"हो," ओटिलिया म्हणाली.

तिने छत्री उघडून साखरेवर धरली, कारण आता कुणीतरी धरायलाच हवी होती. पोरगी थरथरत तिला बिलगून उभी राहिली. ओटिलियाने देवाकडे काही मागायला तोंड उघडलं, आणि काय मागावं ते तिला सुचेना. जपमाळेचे मणी खिशात बोटांखाली होते, ते तसेच राहिले.

बस आली. बिबाने पिशव्या चढवल्या, आतून हात पुढे केला. "ये ना आई, भिजतेयस."

"तू जा पुढे. घरी जाऊन अंग पूस, गरम काही पी. मी मागच्या बसने येते."

"आता कुठे चाललीस या पावसात?"

जॅकेट बिबा काढणारच होती, उद्या नाहीतर परवा. त्याच्या आत अंगावर काय असेल, एवढंच ओटिलियाच्या हातात उरलं होतं. मेंढीची लोकर ओली झाली तरी अगदीच गार पडत नाही. ज्दियार गावची एक म्हातारी बाजाराच्या दिवशी कोपऱ्यावर लोकरीच्या लड्या घेऊन बसते. आज बाजारच होता, अजून तिथून उठली नसेल.

"लोकर घ्यायला," ओटिलिया म्हणाली.