हाताला जड शिपाई

बाजार खुला झाला आणि सिकंदराबादेत परदेशी प्लास्टिकचे खेळण्यातले शिपाई येऊन उतरले. तारनाक्याच्या मित्राशी मी दर रविवारी टेबलावर पानिपत लढायचो. सलग तीनदा हरलो होतो. चौथ्यांदा जिंकणं भागच होतं. म्हणून प्लास्टिकची नवी पलटण घेतली आणि फुटपाथवर शिशाचे शिपाई ओतून विकणाऱ्या म्हाताऱ्यापुढे मुद्दाम मांडली.

"चाचा, मिशीचा केस न् केस दिसतो बघा!"

तेवढ्यात बस गेली आणि माझी फौज उडाली ती थेट अंबरपेठेच्या भाजीबाजारात. चाचाचा एकही शिपाई हलला नाही. एकाचा भाला तेवढा वाकडा होता. नातवाची कॉलर नीट करावी तसा त्यानं तो अंगठ्यानं सरळ केला आणि शिपाई माझ्या तळहातावर ठेवला.

"साब, सिपाही हाथ कू भारी लगना. हलका रहा तो आदमी सोचे बिना मरवाता."

मी चाळीस घेतले. रविवारी एकेकाला मरायला पुढे सरकवताना हात असा मणामणाचा झाला, की चहा यायच्या आत मी तह मागितला.

"अरे, पानिपतात तह कुठं झाला होता?" मित्र ओरडला.

"होणार कसा? त्यांच्याकडे शिशाचे शिपाई नव्हते ना!"