वाकळीचा घास

लातूर नवा जिल्हा झाला, ऑफिसं निघाली आणि मला तिथं कारकुनाची नोकरी लागली. राहायला एक खोली मिळाली. चुना मारलेली, भकास. संध्याकाळी तिथं परतायचं जिवावर यायचं. मग मी ती सजवायचंच मनावर घेतलं.

नांदेडच्या जुन्या बाजारातून पितळी पानदान आणलं. उमरीच्या मावशीकडून कवड्या लावलेली बैलाची झूल मागून घेतली. बैल दुष्काळातच विकले होते, झूल माळ्यावर पडून होती. आजीची पानसुपारीची चंची दारामागे टांगली. ऑफिसातल्या बाया यायच्या आणि विचारायच्या, "हे भंगारवाल्याला द्यायचं राहून गेलं का?" असं विचारणारीला मी चहा पाजत नसे.

समोरची मोठी भिंत मात्र वाकळीसाठी ठेवली होती. बिलोलीकडच्या आमच्या गावात मायनं ती दुष्काळाच्या साली शिवलेली. आजीची विटकी लुगडी, बापाचं धोतर आणि वर बारीक धावदोऱ्याच्या ओळी. रंग इतके सुरेख उतरलेले, की त्यापुढं नवं कापड भडक वाटावं. पण वाकळ सरळ लटकेना. एका कोपऱ्यात गाठीसारखं काहीतरी होतं, त्यानं ती बाजू खाली ओढली जायची.

त्या गाठीशी माझं जुनं वैर होतं. आमच्याकडे वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास शिवतात. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही म्हणे. त्या साली माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरात रेशनच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकर वाटणीनं मिळायची. शेजारच्या बाया शिवायला बसल्या होत्या. मायनं माझ्यादेखत भाकरीचा तुकडा मोडून घेतला आणि पाठ वळवून कोपरा शिवायला लागली. मी भुकेनं कळवळत होते. मायनं कापडाला घास दिला आणि मला नाही, हे मी कधीच विसरले नाही. पुढं त्या वाकळीत झोपताना तो कडक घास पायाला लागायचा आणि दर वेळी राग नव्यानं यायचा.

माय पहिल्यांदा खोली बघायला आली, ती दारातच थबकली.

"आगं, भिंतीला थंडी वाजून राहिली का? तिला कामून पांघरवलीस वाकळ?"

"शोभेला आहे, माय. हा कोपरा तेवढा उसवते, म्हणजे सरळ बसेल."

"नको उसवू."

"का नको? इतक्या वर्षांचा घास आहे. उंदीर कसे लागले नाहीत हेच नवल!"

मी हट्टाला पेटले होते. ब्लेडनं टाके काढले, बोट आत घातलं. हाताला लागला तो एक खडा. खडीचा, काळा, चपटा.

मी मायकडे बघितलं. ती वाकळीकडेच बघत होती.

"बाया म्होरं बसल्या व्हत्या. रीत मोडली म्हनल्या असत्या. पदराला खडा व्हता, त्योच घातला."

"आणि भाकर?"

"तूच खाल्लीस की. सांजच्याला तुझ्या ताटात टाकली. वरून आजून दे म्हनून रडलीस." ती हसली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ह्या वाकळीला मातर उपाशी ठेवलं म्या. लई दिस मनाला लागून हाय ते."

मला रडू फुटलं. ज्या खड्यावर मी एवढी वर्षं राग धरला, तो माझ्या घासाच्या बदल्यात तिथं बसला होता.

स्टोव्ह पेटवून मी ज्वारीची भाकर टाकली. गरम तुकडा मायच्या हातावर ठेवला. तिनं तो वाकळीच्या कोपऱ्यात सारला आणि सुई मागितली. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून दोरा मी ओवून दिला.

"उंदीर लागतील गं तुझ्या शोभेला."

"लागू दे," मी म्हणाले.

खडा पानदानात ठेवला. भिंतीवरचे खिळे मोकळेच राहिले. वाकळ मायच्या अंगावर घातली आणि तिच्या कुशीत मीही शिरले.