पाटीवाल्या काकांची चूळ

चित्र आवडलं नाही की काका चूळ भरत. हे मी म्हणायचं म्हणून म्हणत नाही. आमच्या कलादालनाच्या मागच्या अंगाला एक नळ होता. नवीन आलेलं चित्र काका भिंतीला टेकवून ठेवत, दोन पावलं मागे सरत, चष्मा कपाळावर चढवत आणि एक शब्द न बोलता मागच्या दाराने निघून जात. मग नळाचा आवाज, मग गुळगुळ, मग थू. एकदा थुंकले तर चित्र बेतास बात, तीनदा थुंकले तर टाकाऊ. एका चित्रकाराने मला काळजीने विचारलं होतं, "काकांची दाढ दुखते का हो?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मी या कलादालनाचा सचिव. आयुष्यभर मास्तरकी केली, आणि रिकामपणी समाजाचं काहीतरी करावं अशी दुर्बुद्धी सुचली. मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांना एकाएकी कळलं की आपल्याला कला पाहिजे. कापसाचे मोठे व्यापारी, ज्यांना सगळे भैयासाहेब म्हणतात, त्यांनी आपल्या दुकानावरचा हॉल फुकट दिला. तिथे आम्ही दिवे लावले, भिंती पांढऱ्या केल्या. काका मूळचे मोहगावचे. पांढुर्णा आणि सौसरमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि त्यांचा ब्रश वाळला. म्हणून चित्रं टांगायला, किल्ली सांभाळायला आणि खालची पाटी लिहायला आम्ही त्यांना बोलावलं.

ती पाटी म्हणजे जिन्यापाशी टांगलेली काळी फळी. दर महिन्याला काका ती नव्याने रंगवत आणि वर पांढऱ्या रंगात लिहीत, 'आगामी प्रदर्शन'. खाली प्रदर्शनाचं नाव आणि त्याखाली 'या महिन्याचे चित्रकार'. पट्टी नाही, दोरी नाही, तरी ओळ तसूभर हलत नसे. लोक वर चढत नसत, पण पाटी वाचायला थांबत.

पाटीबद्दल त्यांचा एक हट्ट होता. तरुणपणी एका हॉटेलवाल्याने त्यांना 'शुद्ध तुपातली मिठाई' असं लिहायला सांगितलं. काका ब्रश घेऊन आधी भटारखान्यात गेले, कढईवर वाकून वास घेतला, परत आले आणि नुसतं 'मिठाई' एवढंच लिहून खाली उतरले. हॉटेलवाला बोंबलला. काका म्हणाले, "मिठाई हाये ते दिसून राह्यलं. बाकीचं तू लिही." हा किस्सा ते मला वारंवार सांगत आणि शेवटी म्हणत, "पाटी खोटी बोलली, मास्तर, तं मानसानं कोनाचं आयकावं?"

अशा माणसाला आमच्या कलादालनात काय काय पाहावं लागलं! एका डॉक्टरांनी वाघांची बारा चित्रं मांडली. काका जवळ गेले आणि म्हणाले, "हा वाघ मले मालूम हाये. माह्या नातवाच्या वहीवर हाच बसला हाये." एका पुढाऱ्याच्या भाच्याने कॅनव्हासवर डबा उपडा केला आणि त्याला 'विश्वचेतना' नाव दिलं; त्या दिवशी काकांनी पाच चुळा भरल्या. आणि उद्‌घाटनं! चित्राकडे पाठ करून फोटो काढणारे पाहुणे, समोशाच्या तेलाची बोटं चित्राच्या चौकटीला पुसणारे रसिक, 'कला म्हणजे जीवन आहे' एवढ्या एका वाक्यावर अर्धा तास बोलणारे अध्यक्ष. आणि त्यांच्या शेजारी हात जोडून, दात काढून उभा असलेला मी. तो फोटो आमच्याकडे दर महिन्याचा आहे. मी ते एकदा ओळीने पाहिले आणि मला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली.

काकांची दुसरी सवय म्हणजे टांगण्याआधी ते प्रत्येक चित्र उलटं करून पाहत. "लोक चित्राचं तोंड पाह्यतात, मी पाठ पाह्यतो," ते म्हणत. "तोंड सजवता येते. पाठीवर मानूस कसा काम करते ते दिसते." मला ही त्यांची एक लहर वाटायची.

मग भैयासाहेबांनी स्वतःच चित्रकार व्हायचं ठरवलं. गेल्या संक्रांतीनंतर त्यांच्या गाडीतून सतरा चित्रं आली. संत्र्यांचे बगीचे, बोरगावच्या बाजूचे. तोडलेल्या ढिगापाशी बसून संत्री निवडणाऱ्या बाया. संत्रं पिकलं तरी देठापाशी हिरवं राहतं, ते हिरवं इतकं खरं होतं की हात लावावासा वाटे. काका बराच वेळ उभे राहिले. मी नळाच्या आवाजाची वाट पाहत होतो, पण ते मागे गेलेच नाहीत. त्यांनी एक चित्र उलटं केलं, मग दुसरं, मग तिसरं.

"मास्तर, हे त्या सौसरच्या बाईचं काम हाये."

आमच्या एका एकत्रित प्रदर्शनात सौसरच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंची दोन चित्रं होती. तयार कॅनव्हास परवडत नाही म्हणून त्या घरीच मांजरपाटाचं जाडंभरडं कापड चौकटीवर ताणत, कोपरे चादरीच्या घडीसारखे दुमडत आणि चपलेला मारतात ते बारीक खिळे ठोकत. या सतराही चित्रांच्या पाठीवर तीच घडी होती, तेच खिळे होते. त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भैयासाहेब होते, आणि बाईंची नोकरी दरवर्षी त्यांच्या सहीने पुढे सरकत होती.

दुसऱ्या दिवशी काका बसने सौसरला जाऊन आले. तोंड उतरलेलं होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"हात जोडले तिनं. म्हने, काका, चित्रं मी देऊन टाकली, तुमी काई बोलू नका, माही नोकरी जाईल." ते जिन्यावर बसले. "रडून राह्यली होती, मास्तर. म्हने, नाव नसलं तरी चालते, लोकं पाह्यतील तं खरं."

"मग झालं तर. तिचीच हरकत नाही."

"तिची नाई. माही हाये. प्रदर्शनाचं नाव लिहतो, अन् खाली जागा कोरी सोडतो. भैयासाहेबाचं नाव माह्या हातानं नाई निघत."

मी त्यांना समजावलं. हॉल भैयासाहेबांचा आहे, उद्या कुलूप लागेल, मग डॉक्टरांचे वाघही नाहीत आणि बाईंची संत्रीही नाहीत. मी बोलत होतो आणि माझं मलाच कळत होतं की हे सगळं मी वर्षानुवर्षं बोलत आलो आहे, फक्त दरवेळी हॉल वेगळा असतो. काका ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. त्यांनी कोऱ्या सोडलेल्या जागेत, त्यांच्या त्या देखण्या ओळीखाली, मी माझ्या मास्तरी अक्षरात भैयासाहेबांचं नाव लिहिलं. ओळ उताराला लागल्यासारखी खाली गेली.

चित्रं मात्र काकांनीच टांगली. "चित्रानं काय बिघडवलं कोनाचं?" एवढंच म्हणाले आणि मला घरी पाठवून दिवसभर एकटेच काम करत राहिले. उद्‌घाटनाच्या सकाळी मी आलो तेव्हा ते पाटीपुढे उभे होते. चष्मा कपाळावर. मग ते मागे गेले. मी मोजत होतो. तीन वेळा. परत येऊन त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि मोहगावला निघून गेले.

उद्‌घाटन थाटात झालं. भैयासाहेबांनी आपल्या 'साधने'बद्दल सांगितलं. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, देठाचं हिरवं कसं साधलं? ते म्हणाले, "वो अंदर से आता है." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ज्यांची ती चित्रं होती त्या बाई शाळेच्या मुलींची रांग घेऊन आल्या होत्या आणि भिंतीला लागून मान खाली घालून उभ्या होत्या.

प्रदर्शन संपलं. काका नव्हते म्हणून चित्रं उतरवायला मीच चढलो. पहिलं चित्र उलटं केलं आणि हात थांबला. मागच्या मांजरपाटावर काकांच्या अक्षरात बाईंचं नाव होतं. बाईंचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. पाटीवर जसं लिहीत तसंच, ओळ तसूभर न हलता. सतराच्या सतरा चित्रांवर. महिनाभर येणारे सगळे चित्रांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते नाव भिंतीकडे तोंड करून तिथेच होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. बाईंची नोकरी अजून तिथेच आहे. या वाक्याचाही मला त्या फोटोंइतकाच वीट आला आहे, पण ते खरं आहे.

तासाभरात भैयासाहेबांची माणसं चित्रं न्यायला येणार होती. कपाटात टर्पेंटाइनची बाटली होती. मी चिंधी भिजवली आणि पहिल्या चित्रावरचं नाव पुसलं. नीट पुसलं गेलं नाही, नुसता राखाडी डाग पसरला. दुसऱ्याला हात घालवेना. उरलेल्या सोळा चित्रांच्या पाठीवर मी जाड खाकी कागद चिकटवला आणि सतराही पाठवून दिली. ती आज भैयासाहेबांच्या बंगल्यात आहेत.

पुढच्या रविवारी मी मोहगावला गेलो. काका अंगणात खाटेवर बसले होते. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि सांगून टाकलं.

"सोळांवर कागद लावला, काका. एक पुसलं."

"कोन्तं?"

"पहिलं. बाया संत्री निवडतात ते."

त्यांची सून चहाची कपबशी घेऊन बाहेर आली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"चाय मंग," ते म्हणाले. "पयले मास्तरले चूळ भराले पानी दे."

तिने तांब्या आणून दिला. मी अंगणाच्या कडेला गेलो, चूळ भरली, थुंकलो. वळून पाहिलं तर काका तसेच बघत होते, चष्मा कपाळावर.

"अजून," ते म्हणाले.